वकील मेस्त्री आणि माझी जळालेली क्लचप्लेट

वकील मेस्त्रींकडे गाडी नेली की पहिला अर्धा तास ते गाडीकडे ढुंकूनही बघत नसत. ते मालकाकडे बघत. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती, शेडपुढे एक कडुनिंब आणि निंबाखाली दोन स्टुलं. एका स्टुलावर वकील, दुसऱ्यावर मालक आणि मध्ये पाण्याचा तांब्या. मालक घाईत असायचा. गाडीत माल भरलेला असायचा, खिशातला मोबाईल वाजत असायचा. वकील आपले मांडीवर हात ठेवून निवांत. "हं, काय झालं?" मालक म्हणायचा, "क्लच गेला." की लगेच यांचा पंजा वर! "रोगाचं नाव मी सांगन. तुमी काय झालं तेवढं सांगा."

म्हणून ते वकील. नाहीतर कोर्टाशी त्यांचा संबंध आयुष्यात एकदाच आला, तोही तिथल्या एका साहेबांची जीप बंद पडली म्हणून. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर चौकात लागलेल्या फ्लेक्सवर वाचायला मिळालं. फ्लेक्सवरचा फोटो ओळखीचा, नाव मात्र परकं वाटलं. पंधरा-सोळा वर्षं मी त्यांना "वकीलमामा"च म्हणत होते आणि त्यांच्या बायकोला "मामी". दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता पिकअप म्हटली की शंभर दुखणी. पण वकील सगळी घेत नसत. इंजिनाचं काम आलं की ते सरळ हात जोडत. "इंजिन दुसऱ्याकडं न्या. माझं काम इंजिनाच्या मागनं चाकापत्तुर." क्लच, गिअरबॉक्स, मधला लांब शाफ्ट आणि मागच्या दोन चाकांमधलं ते गोल हाऊसिंग, एवढाच त्यांचा मुलूख. एकदा मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "इंजिन ताकद करतं, त्यात काय नवल? त्याचं कामच हाय ते. नवल म्हंजे ती ताकद एवढ्या लांब चाकापत्तुर जाती. वाटंत कुटं सांडती, कोन सांडवतं, ते शोधायला मजा येती." साठीचा माणूस 'मजा' हा शब्द असा उच्चारायचा की ऐकणाऱ्यालाही त्या तेलकट शाफ्टखाली शिरून बघावंसं वाटे.

त्यांचे प्रश्न ऐकून नवा माणूस वैतागायचाच. गाडी सकाळी कुठे उभी असते? तोंड कुठल्या दिशेला? बायको शेजारी बसते का? तुम्ही जेवता कुठे? आणि सगळ्यांत शेवटी, ठरलेला: "चालवताना डावा पाय कुटं असतो?" या प्रश्नाचं खरं उत्तर कुणालाच देता यायचं नाही. सगळे म्हणायचे, "खाली." वकील हसायचे. "मानसाला सवताचा डावा पाय कुटं हाय ते ठावं नसतं. तो क्लचवर टेकलेला असतो, अन मानूस म्हनतो खाली हाय." मग ते मालकालाच गाडी चालवायला लावत आणि आपण शेजारी बसत. रस्त्याकडे नजर नाहीच. सगळा वेळ मालकाच्या पायांकडे.

एकदा एक कांदेवाला आला. त्याच्या पिकअपचा तिसरा गिअर खड्ड्यात आपोआप सुटायचा. दोन ठिकाणी त्याला गिअरबॉक्स खोलायला सांगितलं होतं आणि बिचाऱ्याचा चेहरा पाऽर उतरला होता. वकिलांनी विचारलं, "जेवन घरनं आनता का?" आनतो. "कशात?" डब्यात. "डबा कशात?" पिशवीत. "पिशवी कुटं अडकवता?" कांदेवाल्यानं डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "गिअरच्या दांड्याला." चार पुडाचा डबा, वर पाण्याची बाटली, सगळी पिशवी त्या दांड्याला लोंबकळायची आणि प्रत्येक खड्ड्याला दांड्याला हिसका द्यायची. वकिलांनी गाडीत एक खिळा ठोकून दिला आणि पिशवी त्याला लावली. गिअर सुटायचा बंद झाला. कांदेवाल्याला हसावं की रडावं कळेना.

दुसरी गंमत शिंगणापूरकडच्या एका माणसाची. गाडीच्या मागून घूंऽऽ असा आवाज, वेग वाढला की वाढणारा. हाऊसिंगमधले दात खाल्ले गेले होते. तेल तर भरपूर होतं, मग दात का गेले? वकील तासभर खोदून विचारत बसले. शेवटी "तेल कंच्या वारी घातलं?" असं विचारल्यावर उलगडा झाला. वार होता शनिवार. आमच्याकडे शनिवारी कुणी तेल विकत घेत नाही, लोखंड घेत नाही. त्या बाजूला तर नाहीच नाही. तेल गळून कमी झालेलं, गाडी तर काढायची, म्हणून या पठ्ठ्यानं विकत न घेता शेजाऱ्याकडून उसनं आणलं. शेजाऱ्यानं दिलं विहिरीवरच्या इंजिनाचं पातळ तेल, आणि हाऊसिंगला तर लागतं ते मधासारखं दाट. वकील त्याला हसले नाहीत. स्वतः तेही शनिवार पाळायचे. पण त्या दिवसापासून दर शुक्रवारी दुपारी त्यांनी ओळखीच्या गाडीवाल्यांना फोन करायचं व्रतच घेतलं. "उद्या शनवार हाय. तेल बघितलं का?" मलाही यायचा तो फोन. पुढेपुढे मी फोन उचलून "बघितलं" एवढंच म्हणायची.

हाताखाली त्यांनी कुणी ठेवलं नव्हतं. मामीच पोत्यावर बसून तूर निवडत असायच्या आणि वकिलांनी गाडीखालून "चौदा" म्हटलं की चौदाचा पाना बरोबर त्यांच्या हातात द्यायच्या. तूर निवडताना मामींचे कान मात्र स्टुलाकडे लागलेले असत. एखादा मालक थापा मारायला लागला की मामी सूप जरा जोरात आपटायच्या. वकिलांना तेवढी खूण पुरे. त्या दोघांपुढे आडपडदा ठेवणं सोपं नव्हतं.

आणि मग तो मुद्देमाल! गाडीतून काढलेला खराब भाग वकील भंगारात टाकत नसत. निंबापासून शेडच्या खांबापर्यंत एक जाड तार ताणलेली होती. तिच्यावर झिजलेले बेअरिंग, दात पडलेले गिअर, शाफ्टच्या सांध्यातले तुटलेले क्रॉस रांगेनं टांगलेले. वारा सुटला की ते एकमेकांवर वाजायचे. प्रत्येकाला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा एक तुकडा बांधलेला. पत्र्याच्या पुढच्या बाजूला गाव आणि भाग, मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं कारण. "वर पाच मानसं बसवली." "तेल बघितलं न्हाई." "डबा." आणि त्या दात खाल्लेल्या जोडीच्या मागे फक्त एक शब्द: "शनवार." माणसाचं नाव कधीच नाही. तरी आपला भाग तारेवर चढणार म्हटलं की भल्याभल्यांची मान खाली जायची. या तारेवर माझीही एक वस्तू होती. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

राहात्याजवळच्या वस्तीवर मी सून म्हणून आले तेव्हा आमच्याकडे पेरूची बाग होती, एक जुनी पिकअप होती आणि ती चालवायला गेनूतात्या होते. सासरे, म्हणजे अण्णा, बाग बघायचे. माझे यजमान नोकरीला, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मी बी.एस्सी. झालेली. फिजिक्समध्ये गिअर रेशो मला कागदावर झटक्यात काढता यायचा. गिअर गाडीत नेमका कुठे असतो हे मात्र माहीत नव्हतं. अंगणात उभी ती गाडी मला सारखी खुणावायची. ती सुरू होते म्हणजे आत नक्की काय होतं? क्लच दाबल्यावर काय सुटतं आणि सोडल्यावर काय चिकटतं? घरात विचारलं तर अण्णा म्हणाले, "तुला काय करायचंय? तू पेरू मोज."

झालं! तुला काय करायचंय म्हटलं की मला ते करायचंच असतं. दुपारी जेवणं झाली की अण्णा ओसरीत आडवे व्हायचे, तात्या चिंचेखाली पंचा टाकून झोपायचे, आणि चावी गाडीलाच. वस्तीवरून गाडी कोण नेणार? मी नेली. बागेच्या कडेनं कॅनॉलपर्यंत आणि परत. गिअरच्या दांड्याच्या डोक्यावरचे आकडे वर्षानुवर्षं हात लागून पार गुळगुळीत झालेले. मी दांडा सरळ पुढे लोटला. गाडी थरथरली, कण्हली, करपल्यासारखा वास आला, पण निघाली! मला वाटलं, सापडला पहिला गिअर. दांडा सरळ मागे ओढला तो दुसरा. असं मी वर्षभर, आठवड्यातून दोन-तीनदा, कुणाला न सांगता त्या दोनच गिअरांवर गाडी शिकले. फार आनंदात होते मी तेव्हा.

त्या वर्षात गाडीच्या दोन क्लचप्लेटी जळाल्या. प्लेट म्हणजे ती भाकरीएवढी चकती, जी इंजिनाची ताकद पुढे धरून नेते. नीट चालवली तर वर्षानुवर्षं टिकते. जवळच्या मेस्त्रीनं दोन्ही वेळा प्लेट बदलली आणि अण्णांना सल्ला दिला, "ड्रायव्हर बदला." तिसऱ्यांदा गाडी अंगणातच बसली, इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं हलायची नाहीत, तेव्हा अण्णांनी तात्यांना सांगून टाकलं, "रविवारपत्तुर बघतो. सोमवारपासून येऊ नकोस." नऊ वर्षं राबलेला माणूस. तात्यांनी डोक्याचा पंचा काढून पुन्हा बांधला. आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. मला तेव्हा कळलं की तो करपलेला वास कसला होता. तरी मी खिडकीतून हलले नाही, आणि मनात एक नीच विचारही येऊन गेला: तात्या गेले की हा विषय संपेल, माझं बिंग झाकलं जाईल. तो विचार मला आला होता, हे मी आज लपवत नाही.

अण्णांनी कोल्हारहून वकिलांना बोलावलं. दुधाच्या गाडीत बसून ते आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते: बुटका माणूस, खाकी हाफपँट, कानावर पेन्सिल. चिंचेखाली तात्यांची तासभर उलटतपासणी झाली. मग ते गाडीत चढले आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. खाली उतरले. तात्यांना त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावायला सांगितलं, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि तात्यांना आणखी विटा आणायला पाठवलं. नेमकी तेव्हाच मी चहा घेऊन गेले. अण्णा ओट्यावर फोनवर कुणाशी तरी भांडत होते.

"सूनबाई, जरा वर बसता का? मला चाकाकडं बघायचंय. नुसता पहिला टाकायचा अन क्लच हळू सोडायचा. प्लेट जळाली तरी अधांतरी चाक फिरवंल, पर गाडी जायची न्हाई."

मी वर बसले. बसता बसता सवयीनं सीट दोन खाचा पुढे ओढली. गाडी सुरू केली, क्लच दाबला, दांडा सरळ पुढे लोटला. मागून आवाज आला, "पुन्हा टाका." मी पुन्हा टाकला. "बास. बंद करा." मी उतरले तर वकील उकिडवे बसून त्या चाकाकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे. आत्ता आठवलं की हसू येतं. पहिल्या गिअरला चाक सावकाश फिरतं. माझं चाक भिंगरीसारखं फिरलं होतं. वर्षभर मी ज्याला पहिला समजत होते तो तिसरा होता! पहिल्यासाठी दांडा आधी डावीकडे न्यावा लागतो, मग पुढे. तिसऱ्यावर गाडी उठवायची म्हणजे भरल्या पोत्यांची थप्पी एका हातानं ढकलायची. क्लच जळेल नाहीतर काय? पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एकाच गोष्टीनं पछाडलं होतं आणि मी ती विचारून बसले. "मामा, एकच चाक फिरतंय. इंजिनाची ताकद दुसऱ्या चाकाला का नाही जात? गाडी जागेवरून हलली कशी नाही?"

वकिलांचा चहाचा ग्लास हातातच राहिला. "तीस वर्सं झाली," ते म्हणाले, "हे मला अजून कुनी इचारलं न्हाई." आणि सगळं विसरून ते मातीत काडीनं चित्र काढायला बसले. "खळ्यावर मळनी बघितली का? मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, कडंचा बैल पळतो. दोघं एका दावनीला, पर पावलं येगळी. गाडी वळती तवा चाकांचं तसंच हुतं. आतलं हळू, भायेरचं जोरात. म्हनून मधी ह्यो हाऊसिंग. पर त्याची एक खोड हाय. ज्याला सोपं जातं त्यालाच तो ताकद देतो. एक चाक उचललं की ते पळतं, अन दुसरं बसून ऱ्हातं." मी काडी घेतली आणि विचारलं, मग एक चाक चिखलात रुतलं तर? "तर तेच फिरत बसतं! रुतलेलंच! बघा की!" त्यांना तर उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात तात्या विटा घेऊन आले आणि वकिलांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. मला अचानक भान आलं. सीट, गिअर, हा प्रश्न... मी तर सगळी जबानी देऊन बसले होते.

त्यांनी मात्र अण्णांना अवाक्षर सांगितलं नाही. फक्त जाताना म्हणाले, "गाडी ओढून कोल्हारला आना. रविवारी बसू. ज्याला जे सांगायचं असंल त्यानं तितं येऊन सांगावं." हे बोलताना त्यांची नजर रिकाम्या ग्लासात होती.

तीन दिवस माझा जेवणात जीव नव्हता. चाक एवढं जोरात का फिरलं याचं गणित कागदावर मांडलं तेव्हा माझा 'पहिला' हा तिसरा होता, हेही उमगलं. तात्या रोज येऊन गोठ्यापाशी काहीबाही करत बसायचे. त्यांचं "वैनी, पानी द्या" मला ऐकवेना. रविवारी मी अण्णांना म्हटलं, मला कोल्हारच्या भगवतीच्या दर्शनाला यायचंय. देवीपुढे उभी राहिले, पण मागायचं काय हेच सुचेना. तिथून आम्ही निंबाखाली गेलो. वकिलांनी गाडी आधीच खोलली होती. स्टुलावर ती प्लेट ठेवली होती, निळी-काळी पडलेली, कडेनं फुटलेली. अण्णा म्हणाले, "बघा तात्याचं काम!"

"मला एक साक्ष कमी हाय, अण्णा."

"साक्षीचं काय घेऊन बसलात? तात्या, चावी ठेव."

तात्यांनी खिशातून चावी काढली आणि प्लेटीशेजारी स्टुलावर ठेवली. इतकी हळू ठेवली की आवाजसुद्धा झाला नाही. मामींचं सूप थांबलं. वकील तांब्यातलं पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "आनखी कुनाला काय सांगायचंय?"

"अण्णा, क्लच मी जाळला," मी म्हणाले. "तिन्ही वेळा. तात्यांचा काही दोष नाही. दुपारी तुम्ही झोपल्यावर मी गाडी काढायची." एकदा सुरू झाल्यावर मी थांबलेच नाही. कॅनॉलपर्यंतचा रस्ता, तो वास, सरळ पुढे लोटलेला दांडा, सगळं सांगून टाकलं. अण्णांनी स्टुलावरची प्लेट उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "येती का पन चालवता?"

"तिसऱ्या गिअरवर येते," मी म्हणाले.

पहिल्यांदा मामी हसल्या. मग वकील, मग अण्णासुद्धा, मिशीत. तात्या तेवढे हसले नाहीत, त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. अण्णांनी चावी उचलून त्यांच्या हातात दिली. "सोमवारी ये. अन हिला पहिला गिअर कुटं हाय ते दाव, न्हाईतर बाग इकावी लागंल."

परत येताना मी तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "वैनी, मला ठावं हुतं. आठवड्यातनं दोन-तीनदा सीट पुढं सरकलेली असायची." मी थक्क झाले. मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी चालली होती! तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "घरची सून. म्या कसं बोलायचं? तुमी सांगाल असं वाटलं हुतं." त्याच तात्यांनी मला पहिला गिअर दाखवला, आणि पुढे त्यांचे गुडघे गेल्यावर पेरू बाजाराला मीच न्यायला लागले.

माझी ती प्लेट अर्थातच तारेवर चढली. खाली पत्र्याचा तुकडा. पुढच्या बाजूला "राहाता. क्लचप्लेट." मागच्या बाजूला काय कोरलंय ते मी कधी वाचलं नाही. वाचायची गरजच काय? मला माहीत होतं! बाजाराला येता-जाता मी निंबाखाली थांबायची, पण तारेकडे पाठ करून बसायची. एकदा धीर करून म्हटलं, "वकीलमामा, आता काढा ना ती खाली." तर म्हणाले, "मुद्देमाल काढता येत न्हाई. केस चालू हाय." कधी संपणार केस? "बघू की."

ते मला शिकवायचे म्हणजे विचारायचे. चढाला शाफ्ट टण्ण वाजला तर आधी काय बघायचं? गाडी रिकामी असताना आवाज येतो की भरल्यावर? वळणावर येतो की सरळ रस्त्याला? मी उत्तर चुकले की ते खूश व्हायचे, कारण मग पुढचा प्रश्न विचारता यायचा. पहिल्यांदा एकटीनं चंदनापुरी घाट उतरून आले तेव्हा "कसा झाला घाट?" असं न विचारता चाकापाशी जाऊन त्यांनी आधी वास घेतला. मी जावेला गाडी शिकवायला घेतली तेव्हा तिचा पहिला धडा त्यांनीच दिला: "डावा पाय कुटं हाय?"

अलीकडे नव्या गाड्या यायला लागल्या. त्यांना वायर लावली की लॅपटॉपवर बिघाडाचं नाव येतं. वकिलांनी एकदा तेही कौतुकानं बघितलं, त्या पोरगेल्या मेस्त्रीला तासभर प्रश्न विचारले. परत येऊन मला म्हणाले, "लई भारी हाय. गाडीला सगळं इचारतंय. पर पिशवी कुटं अडकवली ते कोन इचारनार?" हळूहळू निंबाखालचं दुसरं स्टूल रिकामं राहायला लागलं. जुन्या गाड्यांचे आम्ही चार-पाच मालक तेवढे येत राहिलो.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. पाय सुजले होते, धाप लागायची. एका दुपारी मी गेले तर म्हणाले, "एक चक्कर मारून आन." मी त्यांना शेजारी बसवलं आणि प्रवरेच्या पुलावरून पलीकडे नेऊन आणलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या पायांकडे बघत नव्हते. बाहेर बघत होते, पाण्याकडे, उसाकडे. आणि एकही प्रश्न विचारला नाही. उतरताना दाराला धरून थोडं थांबले, मला वाटलं आता विचारतील. पण नुसतं "बरं हाय" म्हणाले आणि मामींचा हात धरून आत गेले. त्यानंतर दोन शुक्रवार फोन आला. तिसऱ्या शुक्रवारी आला नाही.

दिवस झाल्यावर मामी मुलीकडे नाशिकला राहायला निघाल्या. शेड रिकामी करायची म्हणून आम्ही गाडीवाले जमलो. तारेवरचा मुद्देमाल ज्याचा त्याला देऊन टाकायचं ठरलं. गंमत म्हणजे आपापला भाग कुणालाही विचारावा लागला नाही, सगळ्यांनी बरोबर ओळखला. कांदेवाल्यानं तर "डबा" पत्र्यासकट छातीशी धरला. माझी प्लेट मामींनी स्वतः काढून दिली. म्हणाल्या, "हिचा पत्रा ते सारखा काढायचे, अन खिळा घेऊन बसायचे. काय लिवायचे देव जाने. मला वाचाया कुटं येतं?"

मी पत्रा उलटा केला. बाकी सगळ्यांच्या मागे एक ओळ होती. माझ्या मागे पाच होत्या. वरच्या ओळीवर गंज चढलेला, खालची अजून चकचकीत.

"पयला म्हनून तिसरा टाकला. शिकती हाय."

"पयला सापडला."

"चंदनापुरी घाट येकटी उतरली. बिरेकचा वास न्हाई."

"जावंला शिकवती."

शेवटच्या ओळीतली अक्षरं वाकडीतिकडी होती, खिळा दोनदा घसरलेला दिसत होता. "नवी प्लेट मी बसवली. किती वर्सं चालती ते बघायचं ऱ्हायलं."

मी त्या निंबाखाली, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. जिच्याकडे पंधरा वर्षं पाठ करून बसले होते, तिच्या मागे हे लिहिलेलं होतं.

वकिलांनी तेव्हा बसवलेली ती नवी प्लेट अजून चालते आहे. घरात सगळे म्हणतात, गाडी जुनी झाली, काढून टाक, नवी घे. मी म्हणते, प्लेट जाईपर्यंत नाही. पत्र्यावर खाली एका ओळीची जागा शिल्लक आहे आणि मामींनी वकिलांचा तो खिळाही मला दिला आहे. प्लेट किती वर्षं चालली तो आकडा मलाच कोरायचा आहे. रोज सकाळी गाडी काढताना मी आधी माझा डावा पाय कुठे आहे ते बघते. ती ओळ मला इतक्यात लिहायची नाही.